पावसाळ्यातला वाचनसंकल्प : मोजायचं काय?

आषाढी एकादशी जवळ आली, की आमच्या वाचकगटात एक यादी फिरते. कार्तिकीपर्यंत किती पुस्तकं वाचणार, आकडा लिहा. गेल्या वर्षी मी उत्साहानं २० लिहिला. दीड महिन्यात झाली पाच. मग काय, कपाटातली बारीक बारीक पुस्तकं शोधायला लागलो! एक जाडजूड कादंबरी खरोखर वाचायची होती, ती परत वरच्या फळीवर गेली. कारण हिशेबात तीही एकच धरली जाणार. आकडा पूर्ण झाला, कादंबरी राहिली.

तेव्हा संकल्प करताना मोजायचं काय, एवढंच आज बघू.

आपल्याकडे हे गणित जुनंच आहे. गुरुचरित्राचा सप्ताह घ्या. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवा, नुसती आखणी बघा. दिवस ७, अध्याय ५२ किंवा ५३, जशी प्रत असेल तसे. सरळ भागाकार केला तर रोज साडेसात येतात. पण प्रचलित वाटणीत पहिल्या दिवशी ९, दुसऱ्या दिवशी १२ आणि पाचव्या दिवशी फक्त ३ अध्याय आहेत, ३६ ते ३८. का? तर छत्तिसावा अध्याय भला लांबलचक आहे. म्हणजे अध्याय सारखे वाटलेले नाहीत, बैठक सांभाळलेली आहे.

ज्ञानेश्वरीचंही तेच. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत संपतो, अठरावा अठराशेच्या वर जातो. पूर्ण ग्रंथ साधारण ९,००० ओव्यांचा. चातुर्मासाचे १२० दिवस धरले तर रोज ७५ ओव्या. ऐकायला सोपं वाटतं, पण अर्थ लावत वाचा, मला तासाच्या वर लागतो. नव्यानं सुरू करणाऱ्यानं नुसता बारावा घ्यावा. रोज २५ ओव्या, दहा दिवस. आणि कमी पानं म्हणजे सोपं, असंही नाही हं. इरावतीबाईंचं ‘युगान्त’ काही जाडजूड नाही, पण ते घाईनं संपवून दाखवा!

मग करायचं कसं? पहिला आठवडा आकडा लिहूच नका. रोज अर्धा तास नेहमीसारखं वाचा आणि पानं मोजा. माझी १२ होतात. आता १२० दिवसांतून गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी, पाहुणे, आजारपण असे ४० वजा करा. हे दिवस जाणारच आहेत, ते आधीच सोडलेले बरे. उरले ८०. गुणिले १२, म्हणजे ९६० पानं. तीन-चार कादंबऱ्या झाल्या. वीस कुठून येणार होत्या?

घरात मुलं असतील तर ‘श्यामची आई’ घ्या. त्यात ४२ रात्री आहेत, रोज एक. वाटणी साने गुरुजींनीच करून ठेवलीय.

माझी ती कादंबरी ५५० पानांची आहे, म्हणजे ४६ दिवस. यंदा यादीत मी १ लिहिलाय. उरलेले दिवस दिवाळी अंकांना ठेवलेत.