सवाई आणि पुणं



डिसेंबर आला की पुण्यात एकच प्रश्न, "सवाईला येणार ना?" इथे जन्मलेल्या नातवंडांसाठी सांगते. सवाई गंधर्व म्हणजे किराणा घराण्याचे मोठे गवई, रामभाऊ कुंदगोळकर. १९५२ साली ते वारले. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ हा संगीत महोत्सव सुरू केला.

गुरू-शिष्य दोघेही कानडी मुलखातले. गंगूबाई हनगल हुबळीच्या, तर फिरोज दस्तूर पारशी. पण पुणेकरांनी कोणाचं गाव विचारलं नाही, धर्म विचारला नाही. गाणं ऐकलं आणि सगळ्यांना आपलं म्हटलं. घर सोडून दुसरीकडे रुजलेल्या आपल्यासारख्यांना याची किंमत कळते.

शहराने महोत्सवाला शाळेचं पटांगण दिलं. थंडीत शाल, स्वेटर, कानटोपी घालून हजारो लोक सतरंजीवर बसायचे. बाहेर चहावाल्याची किटली रात्रभर गरम. बदल्यात महोत्सवाने पुण्याचे कान तयार केले. शनिवारी शब्बाथ सुटला की रास्ता पेठेतली आपली काही मंडळीसुद्धा तिकडे चालत निघायची.

पूर्वी गाणं पहाट होईपर्यंत चालायचं. आपल्या संगीतात रागाला वेळ असते. ललित, भैरव पहाटेचे, दरबारी रात्रीचा. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. त्यामुळे पहाटेचे राग पहाटे ऐकणं संपलं. जुने रसिक हळहळतात. मलाही वाईट वाटतं. पण मी जन्मभर नर्सचं काम केलं. आजाऱ्याला झोप हेसुद्धा औषधच असतं. पटांगणाशेजारच्या घरात कोणी म्हातारं, कोणी तान्हं बाळ असणारच. शहर काही फक्त गाणं ऐकणाऱ्यांचं नसतं.

भीमसेनजी २०११ मध्ये गेले. आता महोत्सवाला सवाई गंधर्वांबरोबर त्यांचंही नाव आहे. २०१८ पासून तो जुन्या पेठा सोडून मुकुंदनगरला गेला. जागा बदलली, वेळ बदलली, तरी पुणेकर मागोमाग गेले.

मुलांनो, घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी सवाई ऐकली होती का? आणि डिसेंबरात कधी पुण्याला गेलात, तर लाल देवळाबरोबर सवाईसाठीही एक संध्याकाळ ठेवा. शाल मात्र विसरू नका!