गेम सेंटर (जपान)

गेम सेंटर हे जपानमधील नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांच्या सार्वजनिक दालनाचे प्रचलित नाव आहे. बोलीभाषेत त्यास 'गेसेन' असे संक्षिप्त नाव आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही दालने देशभर पसरली. १९९० च्या दशकानंतर मात्र त्यांची संख्या सातत्याने घटत गेली.

इतिहास

टायटो कंपनीचा तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ १९७८ मध्ये आला आणि केवळ याच खेळाची यंत्रे मांडलेली दुकाने ठिकठिकाणी उघडली. चहा-कॉफीच्या उपाहारगृहांतही काचेच्या पृष्ठभागाखाली पडदा बसवलेली टेबले आली. या खेळामुळे देशात १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडल्याची कथा आजही सांगितली जाते; टांकसाळीच्या उत्पादनाच्या आकड्यांवरून तिला दुजोरा मिळत नाही. १९८० मध्ये नामको कंपनीचा 'पॅक-मॅन' आला.

अल्पवयीन मुले रात्री उशिरापर्यंत तेथे रेंगाळतात, या तक्रारींमुळे गेम सेंटरकडे संशयाने पाहिले जात असे. १९८५ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने ही दालने परवानापद्धतीखाली आणली व मध्यरात्रीनंतर ती चालू ठेवण्यास मनाई केली. कॅपकॉमच्या 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) व सेगाच्या 'व्हर्च्युआ फायटर' (१९९३) या खेळांनी द्वंद्वाच्या खेळांचे युग सुरू केले. १९९५ मध्ये आलेल्या छायाचित्र-चिकट्यांच्या 'प्रिंट क्लब' यंत्रामुळे शाळकरी मुली मोठ्या संख्येने येऊ लागल्या.

खेळाची रीत

द्वंद्वाच्या खेळांची दोन यंत्रे पाठीला पाठ लावून मांडली जात. त्यामुळे प्रतिस्पर्धी समोरच बसलेला असूनही दिसत नसे. एकट्याने खेळणाऱ्यास कोणीही नाणे टाकून आव्हान देऊ शके. जिंकणारा त्याच नाण्यावर खेळत राही आणि हरणाऱ्यास नवे नाणे टाकावे लागे. कौशल्य वाढले की खर्च कमी होई, आणि अनोळखी माणसाशी एक शब्दही न बोलता स्पर्धा व ओळख दोन्ही साधत असे. अनेक दालनांत ग्राहकांसाठी एक वही ठेवलेली असे. तीत खेळाच्या युक्त्या, चित्रे व एकमेकांसाठी निरोप लिहिले जात. 'गेमेस्ट' हे मासिक निरनिराळ्या दालनांतील उच्चांक प्रसिद्ध करीत असे.

ऱ्हासाची कारणे

राष्ट्रीय पोलीस संस्थेच्या नोंदींनुसार १९८६ मध्ये देशात २६,००० हून अधिक गेम सेंटर होती. २०१९ पर्यंत ती सुमारे ४,००० उरली.

पहिले कारण तंत्रज्ञानाचे होते. १९९४ च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन आले. त्यानंतर घरगुती संचांवर दालनातील खेळांशी तुलना करता येईल असे चित्रण मिळू लागले, आणि पुढे भ्रमणध्वनीने फावल्या वेळेचीही जागा घेतली.

दुसरे कारण आर्थिक होते. एका डावाची किंमत दीर्घकाळ १०० येनच्या एका नाण्याइतकीच राहिली, कारण यंत्राची रचना आणि ग्राहकाची सवय दोन्ही त्याच नाण्याशी बांधलेल्या होत्या. १९८९ मध्ये लागू झालेला ३ टक्के उपभोग कर १९९७ मध्ये ५, २०१४ मध्ये ८ आणि २०१९ मध्ये १० टक्के झाला. दुकानदारास पदार्थाची किंमत दोन-चार येनांनी वाढवता येते. गेम सेंटरच्या चालकास ते शक्य नव्हते. १० टक्के दराने १०० येनमधील सुमारे ९ येन करापोटी जातात. संगणकजाळ्याने जोडलेल्या नव्या खेळांत प्रत्येक डावामागे निर्मात्या कंपनीचाही वाटा द्यावा लागतो. भाडे व वीज यांचा खर्च उरलेल्या रकमेतून भागवावा लागत असल्याने लहान, कुटुंबाने चालवलेली दालने आधी बंद पडली.

२०२० च्या कोविड साथीत मोठ्या कंपन्यांनाही फटका बसला. त्याच वर्षी सेगाने आपल्या दालनांच्या उपकंपनीचा ८५.१ टक्के हिस्सा गेंडा या कंपनीस विकला. २०२२ मध्ये उरलेला हिस्साही विकला गेला आणि दालनांवरील सेगाचे नाव जाऊन 'गिगो' हे नाव आले.

स्मरण व जतन

कावासाकी शहरातील 'वेअरहाऊस' हे हाँगकाँगच्या जुन्या काउलून वस्तीच्या धर्तीवर सजवलेले दालन २०१९ मध्ये बंद झाले. तोक्योच्या इकेबुकुरो भागातील सेगाचे दालन २० सप्टेंबर २०२१ रोजी २८ वर्षांनंतर बंद झाले, तेव्हा निरोप देण्यासाठी रस्त्यावर मोठी गर्दी जमली होती. रेन्सुके ओशिकिरी यांची 'हाय स्कोअर गर्ल' ही चित्रकथामाला १९९० च्या दशकातील गेम सेंटरच्या पार्श्वभूमीवर घडते.

जतनाचा प्रश्न केवळ भावनेचा नाही. जुन्या यंत्रांना लागणाऱ्या काचनळीच्या पडद्यांचे उत्पादन थांबले असून दुरुस्तीसाठी जुन्याच यंत्रांचे भाग वापरावे लागतात. जाळ्यावर अवलंबून असलेल्या खेळांची स्थिती अधिक बिकट आहे: कंपनीने सेवा थांबवली की यंत्र शाबूत असूनही खेळ पूर्वीसारखा खेळता येत नाही. तोक्योतील ताकादानोबाबा येथील 'मिकादो' सारखी दालने जुने खेळ चालू ठेवून त्यांच्या स्पर्धा भरवतात.

सद्यस्थिती

या व्यवसायाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न आज बाहुल्या व खेळणी उचलण्याच्या पकडयंत्रांतून येते. २०२३ मध्ये इकेबुकुरो येथे गिगोचे नवे मुख्य दालन सुरू झाले. गेम सेंटर त्यामुळे नामशेष झालेले नाही. मात्र अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर बसून खेळण्याची रीत थोड्याच दालनांपुरती उरली आहे.