‘खरा’ या शब्दाचे वजन : बायबलमधील सत्यविचार

मराठीत ‘खरा’ हे विशेषण आपण नुसत्या बोलण्याला लावत नाही. नाणे खरे असते, सोने खरे असते, माणूसही खरा असतो. एखाद्याला ‘शब्दाचा खरा’ म्हणताना त्याची विधाने आपण तपासून पाहिलेली नसतात. त्याच्यावर विसंबलो आणि तो ढळला नाही, एवढेच सांगायचे असते. वाचकहो, ख्रिस्ती धर्मग्रंथातील सत्याची कल्पना समजून घेताना हा आपला घरचा शब्द हाताशी ठेवावा.

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे आणि नवा करार ग्रीकमध्ये. हिब्रूतील सत्यवाचक शब्द ‘एमेत’. त्याच्या धातूत घट्ट असणे, टिकणे, आधार देणे हे अर्थ आहेत. प्रार्थनेच्या शेवटी येणारा ‘आमेन’ त्याच धातूचा, आणि ‘एमूना’ म्हणजे स्थिरपणा, विश्वासूपणा, हा शब्दही त्याचाच. निर्गमाच्या पुस्तकात अमालेकी लोकांशी झालेल्या लढाईची कथा आहे. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होते, ते खाली आले की पीछेहाट. हात भरून येतात तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते उचलून धरतात आणि सूर्यास्तापर्यंत हात स्थिर राहतात. त्या स्थिरपणासाठी मुळात ‘एमूना’ हाच शब्द आहे. ज्यावर भार टाकता येतो ते सत्य, असा हा विचार.

संस्कृतातील ‘सत्य’ हा शब्द ‘सत्’पासून, म्हणजे असण्यापासून आला. ग्रीक ‘अलेथेया’ची रूढ व्युत्पत्ती ‘झाकलेले नसणे’ अशी सांगतात. तिन्ही भाषांनी सत्याकडे तीन बाजूंनी पाहिले. म्हणून ‘एमेत’चा सगळा अर्थ एकाच मराठी प्रतिशब्दात मावत नाही, कुठे ‘सत्य’ लागते, कुठे ‘विश्वासूपणा’. १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर स्टीफन्स असोत, की हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई असोत, एका भाषेतील श्रद्धेचे शब्द दुसरीत रुजवण्याचे हे काम दोघांपुढेही होते. शुभवर्तमानांत येशू आपल्या बोलण्याआधी ‘आमेन’ म्हणतो, तेथे मराठी बायबलात ‘खचीत’ हा शब्द रूढ झाला. योहानाच्या शुभवर्तमानात तो दरवेळी दोनदा येतो.

हा योहान ग्रीकमध्ये लिहितो, पण त्याच्या मागे हिब्रू विचार उभा आहे. सत्य बोलण्याइतकेच ते ‘करण्या’विषयीही तो लिहितो. त्याच्याच ग्रंथात रोमन सुभेदार पिलात येशूला विचारतो की सत्य म्हणजे काय, आणि उत्तरासाठी न थांबता बाहेर निघून जातो. योहानाच्या दृष्टीने उत्तर समोरच उभे होते, कारण सत्य म्हणजे मी, असे येशूने आधीच शिष्यांना सांगितलेले आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा हा गाभा आहे. तो मानणे न मानणे ज्याच्या त्याच्याकडे. पण सत्य म्हणजे विसंबण्याजोगी व्यक्ती, हे म्हणणे ‘एमेत’ ध्यानात घेतल्यावर कोड्यासारखे वाटत नाही.

रोजच्या व्यवहारात हा विचार कुठे उतरतो? आधी तागडीत. तराजू, वजने आणि मापे खरी असावीत, अशी आज्ञा लेवीय पुस्तकात आहे. एकाच पिशवीत लहान आणि मोठे अशी दोन वजने बाळगण्याची मनाई अनुवादाच्या पुस्तकात आहे. मग जिभेवर. डोंगरावरील प्रवचनात येशू शपथच नको म्हणतो. होय ते होय असावे, नाही ते नाही. आपण गळ्याची शपथ घेतो तेव्हा शपथेविना केलेले बोलणे थोडे हलके असल्याची कबुलीच देत असतो. जिभेच्या पिशवीतलीही ती दोन वजनेच.

सर्वांत कठीण प्रसंग येतो तो घरात. वडीलधाऱ्या माणसाला असाध्य आजार झाला तर त्यांना सांगावे की लपवावे? जुन्या करारात ‘एमेत’च्या जोडीने ‘हेसेद’, म्हणजे न सुटणारी माया, हा शब्द वारंवार येतो. नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचे पाप सांगायला जातो तेव्हा आधी गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापून निवाडा देतो, मगच नाथान म्हणतो की तो माणूस तूच. त्याने काही लपवले नाही. ऐकणाऱ्याला ऐकता येईल अशी वाट मात्र शोधली. पौलही इफिसकरांना सत्य प्रीतीने बोलायला सांगतो.

आजारी माणसाला बहुधा आपल्या चेहऱ्यांवरूनच कळते. मग आपण लपवले हेही कळते, आणि आधाराची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी आपल्या शब्दांवर त्याला भार टाकता येत नाही. पण सत्य तोंडावर फेकून निघून जाणे हेही ‘एमेत’ नव्हे, कारण त्यात टिकणे नाही. त्यांना किती ऐकायचे आहे ते आधी विचारावे, तेवढे खरे सांगावे आणि सांगून झाल्यावर उठू नये, जवळ बसून राहावे.