मेलो, मेलो, रिव्हाइव्ह कर!

परवा एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोन शाळकरी मुले, दोघांच्या हातात मोबाईल, माना खाली. एकाएकी एक ओरडला, "अरे मेलो, मेलो! लवकर ये, रिव्हाइव्ह कर!" दुसरा म्हणाला, "थांब जरा, समोर कॅम्पर बसलाय." त्यांच्या बाजूला एक आजोबा होते. ते दचकून उभेच राहिले आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, काय होतंय रे तुला?" मुले खो खो हसली. आजोबा ओशाळून पुन्हा बसले.

मंडळी, मला त्या हसण्याचे वाईट वाटले नाही. आजोबांना कोणी समजावून सांगितले नाही, याचे वाटले. आपल्या घरातली, वर्गातली पोरे तासन्‌तास जी बोली बोलतात तिच्यातले निम्मे शब्द आपल्याला कळत नाहीत. मग 'मेलो' ऐकून आपण घाबरतो, जिथे घाबरण्याचे काही कारण नाही. आणि 'टॉप-अप' ऐकून गप्प राहतो, जिथे खरे म्हणजे कान टवकारायला हवेत.

प्रथम या मरण्याचेच पाहू. तुमच्यापैकी जे हुतूतू खेळले असतील त्यांना ते नवे नाही. आपला गडी मरतो आणि जिवंतही होतो. या खेळाचे पूर्वी तीन प्रकार होते. संजीवनी हुतूतूत समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी परत येई. गामिनीत मेला तो मेला, सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसायचे. आणि अमर प्रकारात बाहेर कोणी जातच नसे, नुसते गुण मोजायचे. आता गंमत पाहा, मोबाईलवरच्या लढाईच्या खेळांतही जवळजवळ हेच आहे. पडलेल्या गड्याला साथीदार येऊन उठवतो, ते रिव्हाइव्ह; ती संजीवनी. मेल्यावर काही क्षणांत आपोआप मैदानात पुन्हा उभे राहायचे आणि मरणे फक्त मोजायचे, ते रिस्पॉन, ते अमर. यातला 'स्पॉन' हा इंग्रजी शब्द मूळचा मासे आणि बेडूक अंडी घालतात त्याचा! आणि गामिनीचा भाऊ म्हणजे 'बॅटल रॉयल'. २०१७ साली आलेल्या पब्जीमुळे हा प्रकार घरोघर पोचला. शंभरापर्यंत खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, सुरक्षित जागेचे वर्तुळ, म्हणजे 'झोन', आकसत जाते, आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो. जिंकणाऱ्याच्या पडद्यावर 'चिकन डिनर' असे शब्द झळकतात. तेव्हा माळकरी घरातला मुलगा "आज दोन चिकन डिनर झाले" म्हणाला, तर त्याच्या आईने कपाळाला हात लावू नये. पब्जीच्या मोबाईल आवृत्तीवर आपल्या सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, पुढल्या वर्षी तिचाच भारतीय अवतार आला. बोली मात्र तशीच राहिली. कॅम्पर म्हणजे एकाच जागी दबा धरून बसणारा. लपंडावात राज्य संपेपर्यंत कणगीमागून न हलणारा एक पोरगा असतोच की नाही, तोच हा. आणि त्याच्याविषयी इतरांचे मतही तेच.

'अवतार' शब्द आला म्हणून सांगतो. पडद्यावर खेळाडूचे जे रूप फिरते त्याला जगभर 'अवतार'च म्हणतात. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांनी आपल्या 'अल्टिमा'च्या चौथ्या खेळाच्या नावात तो घेतला, १९८६ साली 'हॅबिटॅट' या खेळाने पडद्यावरच्या सोंगासाठी वापरला, आणि तो रूढ झाला. खेळात मिळालेल्या मालाला 'लूट' म्हणतात, तो शब्दही इंग्रजांनी इथूनच नेलेला.

भाषा बिघडते असे म्हणणारे गुरुजी मला भेटतात. त्यांना मी विटीदांडूची आठवण देतो. वकट, लेंड, मूंड, नाल असे आपण मोजत होतो. ते तेलुगूतले एक, दोन, तीन, चार आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक होते? तरी मराठीचे काही अडले नाही.

पुष्कळसे शब्द मोबाईलच्याही आधीचे आहेत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळण्याचा खेळ काढला. 'एचपी' त्यातूनच आला. एचपी म्हणजे भरलेली कळशी समजा. प्रत्येक घावाला एकेक तांब्या पाणी जाते, रिकामी झाली की गडी मेला, आणि 'हिल' म्हणजे ती पुन्हा भरणे. 'एक्सपी' म्हणजे अनुभवाचे गुण, आणि ते साठले की 'लेव्हल' वाढते, आपल्या इयत्तेसारखी. पण गुण साठवायला तीच ती कामे शंभरदा करावी लागतात. त्याला मुले 'ग्राइंड' म्हणतात, शब्दशः दळणे. आपणही तेच दळण दळतो म्हणतोच ना! त्याच घरातला 'एनपीसी', म्हणजे ज्याला कोणी खेळवत नाही असे पात्र, नाटकातला भालदार. गुरुजींनी एवढे ध्यानात ठेवावे, की एका मुलाने दुसऱ्याला एनपीसी म्हटले तर ती शिवी आहे: तुला स्वतःची अक्कल नाही. 'नूब' म्हणजे नवशिका, तोही टोमणाच. उलट डाव संपल्यावर 'जीजी' म्हणणे हे कुस्तीनंतर हात मिळवण्यासारखे आहे.

आता 'लॅग'. हा शब्द खेड्यातल्या पोरांच्या तोंडी जास्त, आणि त्याला कारण आहे. ऑनलाइन खेळात तुमची प्रत्येक हालचाल दूरच्या संगणकाला कळवावी लागते आणि उत्तर परत यावे लागते. या जाण्यायेण्याच्या वेळेला 'पिंग' म्हणतात. ती सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. पिंग चाळीस असेल तर खेळ सुरळीत चालतो. तीनशे झाली की मुलगा झाडामागे लपलेला असतो, पण ती वार्ता पोचलेलीच नसते, आणि गोळी लागते. त्यालाच लॅग म्हणायचे. पाणबुड्या आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून माइक म्यूस यांनी १९८३ साली आपल्या संगणक-कार्यक्रमाला पिंग नाव दिले. तेव्हा "लॅगमुळे हरलो" ही दर वेळी सबब नसते. रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसणाऱ्या पोराचे म्हणणे खरे असू शकते.

याला जोडूनच 'एएफके' येतो: खेळ चालू ठेवून उठून गेलेला. ऑनलाइन डाव मध्येच थांबवता येत नाही. तुम्ही "आत्ताच्या आत्ता दूध आण" म्हणून उठवलेत, तर त्याचे तीन साथीदार उघडे पडतात आणि उद्या शाळेत त्याला बोल लागतो. असा डाव साधारण अर्ध्या तासात आटोपतो. "ही मॅच किती राहिली?" असे विचारा आणि तिच्यानंतर उठवा. माझ्या बहिणीच्या घरची रोजची भांडणे या एका प्रश्नाने निम्मी झाली. दूध थोडे उशिरा येते, एवढेच.

आता ज्या शब्दांना खरोखर भ्यावे त्यांच्याकडे येतो. 'स्किन' म्हणजे पात्राचा किंवा बंदुकीचा रंगीत पोशाख. त्याने बहुधा ताकद वाढत नाही, ऐट वाढते. ती घ्यायला पैसे लागतात, पण मूल रुपये म्हणत नाही. ते म्हणते यूसी, किंवा डायमंड. आधी रुपये देऊन हे नाणे विकत घ्यायचे, तोच 'टॉप-अप'. मग त्या नाण्याने वस्तू घ्यायची. जुगाराच्या अड्ड्यावर नोटांऐवजी सोंगट्या देतात, त्याचेच हे रूप. हातातून रुपया गेला असे वाटतच नाही. तेव्हा पोर "सहाशे यूसी" म्हणाले की लगेच विचारा, "रुपये किती?"

त्याहून जपण्याचा शब्द 'क्रेट', किंवा 'लूट बॉक्स'. पैसे द्यायचे आणि बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. जत्रेतल्या चक्रीवर बाहुली लागते की साबण, तसे. बेल्जियमने २०१८ साली असल्या पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवून मनाई केली. आपल्या संसदेने २०२५ साली कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. पण स्किन विकत घेणे ही निराळी बाब आहे, तिथे पहारा घरच्यांनाच करावा लागतो. आईच्या मोबाईलचा पिन मुलाला पाठ असेल, तर आजच बदला. "फ्री स्किन देतो, ओटीपी सांग" असे खेळातला अनोळखी 'फ्रेंड' म्हणाला, तर तो चोर समजावा, आणि हे मुलाला आधीच सांगून ठेवावे.

माझे एक शिक्षक स्नेही आहेत. त्यांनी एके दिवशी सातवीच्या वर्गात फळ्यावर 'रिस्पॉन' लिहिले आणि म्हणाले, "मला येत नाही, तुम्ही शिकवा." कधी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा मुलगा फळ्यापाशी आला आणि दहा मिनिटे बोलला. मग सरांनी त्याला गामिनी समजावून सांगितली. मुलगा थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "सर, म्हणजे शेवटचा एकटा उरला, तर बाकीचे सगळे नुसते बघत बसायचे?"

"बसायचे कसले," सर म्हणाले, "आम्ही रेषेवर उभे राहून ओरडत असू."