जुना संगणक, नवा संगणक आणि घरचा ठेवा

बेळगाव-निपाणीकडील एखाद्या मराठी घरात नवा संगणक येतो. जुन्यावर मात्र छायाचित्रे आणि वडिलधाऱ्यांचे लेखन अडकून पडलेले असते. दोहोंना तारेने जोडले तरी एकाला दुसरा दिसत नाही. दोष बहुधा तारेत नसून भाषेत असतो. समान भाषेवाचून शेजाऱ्यांचाही संवाद खुंटतो, हे सीमाभागातील वाचकांस सांगावयास नको.

विंडोज एक्सपी फाइलींच्या देवघेवीसाठी ‘एसएमबी-१’ ही एकच बोली जाणते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने याच बोलीतील उणिवेचा लाभ घेऊन जगभरचे संगणक ओलीस धरले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती सहसा बंदच असते. ती पुन्हा सुरू करता येते. परंतु ते मोडके दार उघडे ठेवण्यासारखे होय.

त्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा. तो ‘फॅट-३२’ पद्धतीचा असल्यास ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. नव्या संगणकावर प्रथम विषाणू-तपासणी करावी. मराठी अक्षरे विचित्र दिसल्यास मजकूर नष्ट झाला असे समजू नये. तो जुन्या फाँटमध्ये बांधलेला असतो. तो युनिकोडमध्ये उतरवून ताडून पाहावा. तोवर जुना संगणक भंगारात देऊ नये.