सिनाकांतानचा माग

मेक्सिकोच्या चियापास राज्यातलं सिनाकांतान हे त्सोत्सिल भाषा बोलणाऱ्या मायांचं डोंगराळ गाव. मक्याच्या शेतीबरोबर इथे फुलशेती, मालवाहतूक, व्यापार वाढला आणि विणकामही बदललं. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी १९७०च्या सुमारास आणि पुन्हा १९९१मध्ये इथल्या मुलींचं विणकाम-शिक्षण अभ्यासलं. आधी आई जवळ बसून, पदोपदी हात लावून शिकवायची. पुढच्या पिढीतल्या मुली बऱ्याच अंशी स्वतःच करून, चुकून शिकू लागल्या. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या ठरावीक नक्ष्यांवर भरगच्च फुलं उमलली. याला परंपरेचा ऱ्हास म्हणणं अन्यायाचं आहे. माग तोच राहिला: एक टोक खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेला बांधलेलं, आणि ताण तिच्या शरीराचा.