लॅपटॉप तगडा, तरी आवाज का तुटतो?

लॅपटॉप चांगला तगडा, प्रोसेसर जेमतेम १५ टक्के कामात, आणि तरी रेकॉर्डिंगमध्ये मध्येच 'टक्' असा आवाज येतो. घरी रियाज रेकॉर्ड करणाऱ्या अनेकांना हे ओळखीचं असेल. यावर नवीन संगणक घेण्याचा सल्ला मिळतो. तो बहुतेक वेळा वाया जातो, कारण इथे अडचण वेगाची नसते, वेळेवर येण्याची असते.

संगणकात ध्वनी नमुन्यांच्या रूपात असतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरू. साउंड कार्ड ते एकेक मागत नाही, गठ्ठ्याने मागतं. गठ्ठा १२८ नमुन्यांचा असेल, तर तो सुमारे २.७ मिलिसेकंदांत वाजून संपतो. तेवढ्यात पुढचा गठ्ठा तयार हवा. पंगतीत पानावरचा भात संपायच्या आत वाढपी यायला हवा, तसं. स्वयंपाकघर दिवसभरात किती भात शिजवतं, याला त्या क्षणी अर्थ नसतो.

मग गठ्ठाच मोठा का करू नये? १०२४ नमुने घेतले की २१ मिलिसेकंद हाताशी येतात. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर खुशाल करा. पण वाजवणाऱ्याला तो उशीर जाणवतो. हवेतून आवाज २.७ मिलिसेकंदांत मीटरभरही जात नाही. २१ मिलिसेकंदांत सात मीटर जातो. गायकापासून सात मीटरवर बसून तबल्याची साथ करून पाहा!

आता प्रोसेसरच्या रांगेकडे येऊ. लिनक्सचा नेहमीचा नियम साधारण समन्यायी आहे: ब्राउझर, अपडेट, फाइलींचा शोध, सगळ्यांना आळीपाळीने वाटा. ध्वनीचा धागा (थ्रेड) याच रांगेत उभा राहिला आणि त्याची पाळी ५ मिलिसेकंद उशिरा आली, की 'टक्'. यावर उपाय म्हणजे 'रिअल-टाइम' प्राधान्य. 'फिफो' वर्गात १ ते ९९ असे क्रम असतात. या वर्गातला धागा कामाला तयार झाला, की साध्या धाग्याला बाजूला व्हावं लागतं. याने गणित जरासुद्धा वेगाने होत नाही. फक्त वाट पाहणं कमी होतं.

हा अधिकार धोकादायकही आहे. असा धागा चुकून अनंत फेऱ्यांत अडकला तर माउससुद्धा हलणार नाही. म्हणून पूर्वी तो फक्त 'रूट'ला मिळे; २००५ च्या २.६.१२ कर्नलपासून साध्या वापरकर्त्यालाही मर्यादेत देता येऊ लागला. शिवाय रिअल-टाइम कामांनी सेकंदातले ०.९५ सेकंदच वापरावेत, असं बंधन कर्नलने मूळ मांडणीतच ठेवलं.

खरी गंमत पुढे आहे. समजा ध्वनीच्या धाग्याला हवं असलेलं कुलूप पडदा रंगवणाऱ्या कनिष्ठ धाग्याकडे आहे, आणि त्या कनिष्ठाला तिसऱ्याच मधल्या धाग्याने अडवलंय. मग वरिष्ठ असूनही ध्वनी खोळंबतो. याला प्राधान्याचा उलटफेर म्हणता येईल. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य तात्पुरतं देण्याची सोय पृथ्वीवरून चालू करून तो दुरुस्त केला गेला.

ध्वनीच्या प्रोग्रॅममध्ये मात्र त्या धाग्यात कुलूपच नसावं हे बरं. नवी मेमरी मागायची नाही, डिस्कवरची फाइल वाचायची नाही. लागणारी मेमरी आधीच रॅममध्ये पक्की करून ठेवायची. माझ्या मते प्राधान्याच्या आकड्यापेक्षा ही शिस्त जास्त मोलाची. प्लगइनच बेशिस्त असेल तर कर्नल काय करणार?

कर्नलच्या बाजूनेही सुधारणा झाली आहे. कर्नलचं स्वतःचं कामही मध्येच थांबवू देणारं 'प्रीएम्प्ट आरटी' अनेक वर्षं वेगळा पॅच म्हणून लावावं लागे. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत ते मुख्य लिनक्समध्ये आलं. घरच्या रेकॉर्डिंगला बहुधा त्याची गरज पडणार नाही. आधी आपल्या खात्याला रिअल-टाइमची परवानगी आहे का ते बघा, २५६ च्या गठ्ठ्याने सुरुवात करा, आणि क्रम ७०-८० च्या आसपास ठेवा. ९९ नको, तिथे कर्नलच्या स्वतःच्या तातडीच्या कामांशी गाठ पडते.